विझलेला दिवा दुरून कसा ओळखतात?

रात्रीची वेळ. भंडारा जिल्ह्यातील वरठीजवळ, धानाच्या बांध्यांच्या कडेने मुंबई-हावडा मार्गावरची एक गाडी भंडारा रोड स्थानकाकडे येत आहे. तासाला ११० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ३० मीटर. एवढ्या वेगातल्या गाडीला थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकते. अशा वेळी पुढच्या सिग्नलचा लाल दिवाच बंद पडला असेल तर? लोको पायलटला अंधारात तो खांब दिसेलच असे नाही. आणि स्टेशन मास्तर बसतो स्थानकात, सिग्नल असतो दूर रुळांच्या कडेला. तो दिवा खरोखर पेटला आहे की नाही, हे त्याला कसे कळावे?

उत्तर साधे आहे. दिव्याकडे बघायचे नाही, त्याच्याकडे जाणारा विद्युतप्रवाह मोजायचा.

सिग्नलला वीज पुरवणाऱ्या तारेच्या वाटेत एक रिले बसवलेला असतो. दिवा जळत असेल तर त्या तारेतून प्रवाह वाहतो आणि रिले ओढलेला राहतो. दिवा गेला की प्रवाह घटतो, रिले सुटतो आणि पॅनेलवर इशारा मिळतो. रेल्वे एवढ्यावर थांबत नाही. हिरवा किंवा पिवळा दिवा गेला तर तोच सिग्नल अधिक सावध संकेत दाखवतो. लाल दिवाच गेला, तर त्याच्या अलीकडचा सिग्नल लाल ठेवण्याची व्यवस्था असते. प्रवाह नाही म्हणजे धोका आहे, असे यंत्रणा गृहीत धरते.

पूर्वी सिग्नलमध्ये तारेचे बल्ब असत, तेव्हा हे काम सोपे होते. तार तुटली की प्रवाह बंद. आता तिथे एलईडी आले. त्यांना वीज कमी लागते आणि ते टिकतातही जास्त. पण तपासणी मात्र अवघड झाली. आपल्या रेल्वेच्या मुख्य एलईडी सिग्नलला ११० व्होल्टवर जेमतेम १२५ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. इतक्या कमी प्रवाहावर भरवसा ठेवायचा, तर रिलेही त्याच मापाचा हवा. त्यातच वरून २५ हजार व्होल्टची तार गेलेली असते. तिच्या प्रभावाने लांबलचक केबलमध्ये थोडी वीज उगाच निर्माण होते. त्या फसव्या विजेने रिले ओढलेला राहिला, तर दिवा विझूनही ‘सर्व ठीक’ असे दिसेल. म्हणून रिले कोणत्या प्रवाहाला ओढला जावा आणि कोणत्या प्रवाहाला सुटावा, हे काटेकोर ठरवावे लागते.

दुसरी अडचण ड्रायव्हरची. गाडीचा नव्हे, एलईडीचा! एलईडीला नेमका प्रवाह पुरवणाऱ्या छोट्या सर्किटला ड्रायव्हर म्हणतात. पुढचे सगळे एलईडी तुटले तर ड्रायव्हरला वीज खर्चायला जागाच उरत नाही. तो मागून घेत असलेला प्रवाह अगदी थोडा होतो. हे सहज ओळखता येते. पण एलईडींच्या चार समांतर माळा असतील आणि एकच तुटली, तर? एकूण प्रवाह कायम ठेवणारा ड्रायव्हर तोच प्रवाह उरलेल्या तीन माळांत ढकलतो. मागून घेतलेली वीज जवळपास तेवढीच राहते. बिघाड लपतो आणि उरलेल्या माळा जास्त तापून लवकर जातात. म्हणून ठरावीक मर्यादेपलीकडे एलईडी बंद पडले, तर युनिटने स्वतःहून प्रवाह तोडावा आणि रिले सुटावा, अशी रचना सिग्नलमध्ये करतात. अर्धवट जळणाऱ्या दिव्यापेक्षा ‘मी बिघडलो’ असे सांगणारा दिवा बरा.

हीच युक्ती गावातल्या पथदिव्यांनाही लागू पडते. समजा एका लाइनवर २४ वॉटचे २० दिवे आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून पॉवर फॅक्टर बाजूला ठेवू. २४० व्होल्टवर प्रत्येक दिवा ०.१ अँपिअर घेईल, म्हणजे एकूण २ अँपिअर. लाइनमनने टाँग टेस्टर लावला आणि १.७ अँपिअर आले, तर तीन दिवे बंद आहेत हे खांबाखांबाला न फिरता कळते. शहरांतल्या नियंत्रण पेट्याही अशाच मोजमापावरून बिघाड कळवू शकतात.

पण इथे एक फसगत आहे. चांगला एलईडी ड्रायव्हर व्होल्टेज घटले तरी उजेड तेवढाच ठेवतो. त्यासाठी तो प्रवाह वाढवतो. धान-पाण्याच्या दिवसांत पंप सुरू झाले आणि व्होल्टेज २०० वर आले, तर तोच दिवा ०.१२ अँपिअर घेईल. आता तीन दिवे बंद असले तरी उरलेले १७ मिळून २.०४ अँपिअर घेतील. आकडा पाहणारा म्हणेल, ‘विसाच्या वीस चालू आहेत!’ म्हणून नुसता प्रवाह पुरत नाही. सोबत व्होल्टेजही मोजावे, किंवा सरळ वॉट मोजावेत. २० दिव्यांचे ४८० वॉट यायला हवेत. ४०८ आले तर तीन गेले, मग व्होल्टेज काहीही असो. दिवे नवीन असतानाच हा आकडा पेटीच्या झाकणावर लिहून ठेवला, तर पुढे तुलना करायला आधार मिळतो.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र कायम राहते. मीटर वीज मोजतो, उजेड नाही. काचेवर धूळ साचली, झाडाची फांदी आड आली किंवा एलईडी जुना होऊन मंदावला, तरी प्रवाह जवळपास तेवढाच असू शकतो. म्हणून रेल्वेत सिग्नलची प्रत्यक्ष पाहणी आजही होते. आणि लोको पायलटलाही नियम शिकवलेला असतो : सिग्नलच्या जागी उजेड नसेल, तर तो सिग्नल जो सर्वांत कडक संकेत देऊ शकतो, तोच दिला आहे असे समजायचे. वरठीच्या त्या अंधारात रिले, अलीकडचा लाल सिग्नल आणि माणसाचे डोळे एकमेकांच्या चुका झाकत नाहीत, पकडतात. गाडी सुखरूप पोहोचते ती त्यामुळेच.