सोडलेली दारू, उडवलेलं ॲप

कंपनीचा मोठा माणूस किंवा तिच्या जाहिरातीतला चेहरा काहीतरी बोलतो, लोक भडकतात आणि मोबाइलवरून त्या कंपनीचं ॲप उडवायची लाट येते. अलीकडच्या वर्षांत असे बहिष्कार आपण बरेच पाहिले. नंदुरबारकडे मात्र बहिष्काराचा अनुभव शंभर वर्षांचा आहे आणि तो बहुतेक एकाच मालावरचा आहे, तो म्हणजे दारू.

मोहाची दारू घरी गाळणं हा इथल्या भिल्ल-कोकणी घरांचा जुना रिवाज. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने तो गुन्हा ठरवला. घरची भट्टी गेली आणि सरकारी परवान्याचा गुत्ता आला. दक्षिण गुजरातेत आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यात हे गुत्ते मुख्यतः पारशी मक्तेदारांकडे होते. दारू उधारीवर मिळे, उधारीपोटी जमीन जाई आणि गेलेल्या जमिनीवर त्याच माणसाला राबावं लागे. गिऱ्हाईक आणि वेठीचा गडी एकच, असा हा बाजार.

१९२२ मध्ये या बाजारात देवी शिरली. किनारपट्टीकडून निघालेली ही लाट डोंगरातून डांग, खानदेश आणि सुरत जिल्ह्यात पसरली. मांडवाखाली बसलेल्या माणसांच्या अंगात ती येई आणि हुकूम देई: दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज आंघोळ करा, गुत्तेवाल्याच्या कामावर जाऊ नका. शेवटचा हुकूम मला सर्वांत धारदार वाटतो. माल बंद आणि मजुरीही बंद! गिऱ्हाईक तुटलं तर व्यापारी तग धरतो. गडीही तुटला की त्याची शेती पडते. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर सबंध पुस्तक लिहिलं. निरक्षर माणसांनी आपला शत्रू किती अचूक ओळखला होता, हे त्यातून कळतं.

ही चळवळ टिकली का? सगळीकडे नाही. गुजरातेच्या बाजूला तर गावंच दुभंगली: नेम पाळणारे ‘वरजेला’ आणि परत पिऊ लागलेले ‘सरजेला’. देवीचा हुकूमही काही वर्षांत सैल पडतो, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पण विषय संपला नाही. १९३७ च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांनी तोच धागा उचलला. सोमवारच्या आरतीला सातपुड्याच्या पायथ्याची गावंच्या गावं लोटू लागली. एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, स्वच्छ राहायचं, चोरी करायची नाही, दारूला शिवायचं नाही. पाड्यावर ज्याला कुणी मानाने हाक मारली नव्हती, त्याला आधी मान मिळाला. पिणं त्यानंतर सुटलं. १९३८ मध्ये महाराज गेले आणि त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवलं.

पुढे १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे साथी जमिनीसाठी, मजुरीसाठी लढत होते. बायकांनी त्या लढ्यात स्वतःचा मुद्दा घुसवला. त्या गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागल्या. नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्नही तिथेच चव्हाट्यावर आला.

आता अलीकडचे बहिष्कार. नोव्हेंबर २०१५ मध्ये दिल्लीतल्या एका पुरस्कार समारंभात आमिर खान म्हणाला, की देशातल्या वातावरणामुळे पत्नीने देश सोडण्याचा विषय काढला होता. तो स्नॅपडीलच्या जाहिरातीत होता, म्हणून राग स्नॅपडीलवर निघाला. लोकांनी ॲप उडवलं, ॲपला एकच तारा देणाऱ्या शेऱ्यांची रांग लावली. कंपनीने हात झटकले आणि पुढच्या वर्षी त्याच्याशी करार वाढवला नाही. २०१८ मध्ये त्याच आमिरच्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी आपल्याच जिल्ह्यातल्या गावांनी उन्हात चर खोदले! जुलै २०२४ मध्ये फोनपेचे प्रमुख समीर निगम कर्नाटकच्या स्थानिक आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध बोलले. कन्नड माणूस चिडला, ॲप उडवायची हाक गेली, निगम यांनी माफी मागितली आणि प्रकरण मिटलं. इटलीत २०१३ मध्ये पास्तावाल्या गुइदो बारिला यांनी समलिंगी कुटुंबांना जाहिरातीत घेणार नाही म्हटलं. तिथेही बहिष्काराची हाक, मग माफी, असाच क्रम.

हे बहिष्कार खोटे नाहीत. बोलणारा मोठा माणूस नमतो, हे थोडं नव्हे. पण माफी किंवा न वाढवलेला करार यापलीकडे ते बहुतेकदा जात नाहीत, कारण भांडण शब्दाशी असतं. ॲप पुन्हा घ्यायला मिनिटही लागत नाही आणि ते घेतलं की नाही हे शेजाऱ्याला कळतही नाही. मोरवडच्या माणसाने प्यायली असती, तर सोमवारी आरतीत सगळ्यांना कळलं असतं.

शहाद्यातल्या बायकांना मडकी फोडावी लागली. आज कायद्यात वाट आहे. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर मतदान होतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या चिन्हावर, शिक्का मारला, की परवान्याचं दुकान बंद करावं लागतं.