खऱ्या माणसांचा बाजार

२०१४च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये एका आइस्क्रीमवरून गदारोळ झाला. 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' या बीबीसीच्या स्पर्धेत त्या आठवड्याचा पदार्थ होता 'बेक्ड अलास्का'. खाली केक, त्यावर आइस्क्रीम आणि सगळ्यावर मेरँगचा जाड थर. तंबूत उकाडा होता आणि फ्रीझर वाटून घ्यावे लागत होते. एका वयस्कर स्पर्धक बाईंनी दुसऱ्याचं आइस्क्रीम बाहेर काढून ठेवलं. त्याचं आइस्क्रीम वितळलेलं निघालं आणि त्या गड्याने संतापाच्या भरात सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात ओतला. बाईंनी मुद्दाम घात केला, असंच घरोघरच्या प्रेक्षकांना वाटलं. शेकडो तक्रारी दाखल झाल्या, समाजमाध्यमांवर बाईंचा उद्धार झाला. मग सूत्रसंचालिका स्यू पर्किन्स यांनी खुलासा केला, की ते आइस्क्रीम बाहेर होतं जेमतेम ४० सेकंद.

पडद्यावर खोटं काहीच दाखवलं नव्हतं. दोन खरी दृश्यं शेजारी शेजारी जोडली होती, आणि मधला वेळ किती गेला ते सांगायचं राहिलं होतं. त्यामुळे 'हे सगळं खरं असतं की ठरवून केलेलं?' या नेहमीच्या वादात फार अडकण्यात हशील नाही. कॅमेरा लागला आणि एडिटिंगची कात्री चालली, की रचना आलीच. विचारायचं ते हे, की ज्या माणसाचं आयुष्य दाखवलं त्याच्याशी व्यवहार काय ठरला होता, आणि काही बिनसलं तर जबाबदार कोण? ब्रिटन आणि युरोपात या प्रश्नाची पक्की उत्तरं कागदावर यायला अर्धं शतक लागलं.

सात वर्षांची मुलं

१९६४ साली ग्रॅनाडा टेलिव्हिजनने 'सेव्हन अप!' हा माहितीपट दाखवला. सात वर्षांची चौदा मुलं निवडली होती. काही महागड्या खासगी शाळांतली, काही लंडनच्या ईस्ट एंडमधली, काही बालगृहातली. इंग्लंडात जन्माबरोबरच माणसाची पायरी ठरते का, हे तपासायचं होतं. बेत एकाच कार्यक्रमाचा होता. पण संशोधक म्हणून काम केलेल्या मायकेल ॲप्टेड यांनी सात वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा गाठलं आणि मग दर सात वर्षांनी गाठत राहिले. २०१९ साली 'सिक्स्टी थ्री अप' आला, २०२१च्या जानेवारीत ॲप्टेड गेले. चौदा जणांत मुली फक्त चार घेतल्या, याची खंत त्यांनी स्वतःच बोलून दाखवली होती.

या मालिकेचं मोठेपण सगळे मान्य करतात. तिच्यातली मेख मात्र थोड्यांच्या लक्षात येते. संमती दिली होती ती सात वर्षांच्या मुलांच्या वतीने मोठ्यांनी, आणि तिचं ओझं त्या मुलांनी साठीपर्यंत वाहिलं. कुणी एखादा भाग वगळला, कुणी पुन्हा परतलं. त्यांच्यातला एक जण मोठेपणी स्वतः माहितीपटांच्या धंद्यात शिरला, पण एकविसाव्या वर्षानंतर कॅमेऱ्यासमोर काही आला नाही. आतली गोष्ट माहीत असलेल्या माणसाचा हा नकार बोलका आहे.

१९७४ साली बीबीसीचे पॉल वॉटसन रेडिंग गावातल्या एका कामगार कुटुंबाच्या घरात शिरले. भाजीच्या दुकानावरचं छोटंसं घर, त्यात तीन पिढ्या. 'द फॅमिली' या बारा भागांच्या मालिकेत त्यांची भांडणं, उधारी, लग्न सगळं आलं. आदल्या वर्षी अमेरिकेत असाच प्रयोग झाला होता, पण तिथलं कुटुंब सुखवस्तू होतं. इथे नळावरच्या भांडणाची भाषा जशीच्या तशी ऐकू आली, आणि सभ्य इंग्लंडला ती सोसवेना. असली माणसं पडद्यावर कशाला, अशी ओरड झाली. ज्यांच्यावर आजवर नाटकं लिहिली जात होती, ती माणसं आता स्वतःच्या तोंडाने बोलत होती, हे त्या ओरडीमागचं खरं दुखणं.

या परंपरेची ताकद काय, हे १९८२ साली दिसलं. रॉजर ग्रेफ यांनी टेम्स व्हॅली पोलिसांच्या ठाण्यात महिनोन्‌महिने चित्रीकरण करून 'पोलीस' ही मालिका केली. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, संगीत नाही. एका भागात बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीची तीन पुरुष अधिकारी उलटतपासणी करतात. तिचा चेहरा प्रेक्षकाला दिसत नाही. दिसतात ते फक्त अधिकारी, त्यांचं खेकसणं आणि तिचं म्हणणं थोतांड ठरवण्याची घाई. देश हादरला, पार्लमेंटमध्ये प्रश्न गेला. अशा तक्रारी हाताळण्याची पद्धत, महिला अधिकाऱ्यांची नेमणूक, जबाबासाठी वेगळी जागा यांचा विचार त्यानंतर वेगाने झाला. कॅमेऱ्याने दुबळ्याला झाकलं आणि सत्तेला उघडं पाडलं. पुढे आलेल्या लाटेत नेमकं उलटं झालं.

स्वस्त आणि मस्त

ऐंशीच्या दशकात युरोपातल्या सरकारी प्रसारणाची मक्तेदारी ढासळू लागली. इटलीत बेर्लुस्कोनींच्या वाहिन्या, १९८४पासून जर्मनीत खासगी वाहिन्या, १९८७ साली फ्रान्समध्ये 'टीएफ वन'चं खासगीकरण. ब्रिटनमध्ये १९९०च्या प्रसारण कायद्याने आयटीव्ही या खासगी जाळ्याचे परवाने लिलावात काढले. वाहिन्या वाढल्या, पण जाहिरातीचा पैसा तेवढाच वाटला जाऊ लागला. नाटक-मालिकेला लेखक लागतो, नट लागतात, सेट लागतो. खऱ्या माणसाला यातलं काही लागत नाही आणि मानधनही किरकोळ चालतं. त्यात कॅमेरे हलके झाले, एडिटिंग संगणकावर आलं.

यातून निघाला 'डॉक्युसोप', म्हणजे माहितीपटाच्या अंगावर दैनंदिन मालिकेचा साज. हीथ्रोवरचा 'एअरपोर्ट' १९९६चा, गाडी शिकणाऱ्यांचा 'ड्रायव्हिंग स्कूल' १९९७चा. परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होणारी एक सफाई कामगार बाई देशाची लाडकी झाली. यातली काही दृश्यं मुद्दाम पुन्हा करून घेतली होती, हेही लवकरच बाहेर आलं. त्याहून गंभीर प्रकरण कार्लटन टेलिव्हिजनच्या 'द कनेक्शन'चं. कोलंबियातून हेरॉइन आणणाऱ्या टोळीचा शोध म्हणून दाखवलेल्या या माहितीपटातली महत्त्वाची दृश्यं बनावट असल्याचं 'गार्डियन'ने १९९८ साली उघड केलं आणि नियामकाने वीस लाख पौंडांचा दंड ठोकला. लक्षात घ्या, हा दंड प्रेक्षकाला फसवल्याबद्दल होता. सहभागी माणसाला इजा झाली तर काय, याचं कलम अजून कुठेच नव्हतं.

आल्मेरचं घर

सहभागी माणसाला इजा होण्याची वेळ तोवर येऊन गेली होती. बेटावर माणसं सोडायची, त्यांनीच एकेकाला मत देऊन हाकलायचं, ही कल्पना चार्ली पार्सन्स या ब्रिटिश निर्मात्याची. तिला पहिलं घर मिळालं स्वीडनच्या सार्वजनिक वाहिनीवर, १९९७ साली, 'एक्स्पेडिशन रॉबिन्सन' या नावाने. सर्वांत आधी बाहेर काढल्या गेलेल्या स्पर्धकाने कार्यक्रम प्रक्षेपित होण्यापूर्वीच आत्महत्या केली. कार्यक्रमात काटछाट झाली, टीका झाली, पण मालिका चालू राहिली. तीन वर्षांत ती 'सर्व्हायव्हर' म्हणून अमेरिकेत गाजली.

१६ सप्टेंबर १९९९ला नेदरलँड्समधल्या आल्मेर इथे बांधलेल्या घरात नऊ माणसं कोंडली गेली. निर्माते जॉन दे मोल, कंपनी एंडेमॉल, नाव 'बिग ब्रदर'. घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही, भिंतीतल्या आरशांमागे कॅमेरे. शंभराहून जास्त दिवस चाललेल्या या प्रकाराने डच माणसाला खिळवून ठेवलं. दुसऱ्या वर्षी स्पॅनिश कंपनी टेलेफोनिकाने एंडेमॉल साडेपाच अब्ज युरोंच्या व्यवहारात विकत घेतली. एव्हाना माल ठरला होता. कार्यक्रम विकायचा नाही, कार्यक्रमाची पद्धत विकायची. सेटचा आराखडा, कॅमेऱ्यांच्या जागा, स्पर्धक निवडायचे निकष, कोणत्या दिवशी काय करायचं, हे सगळं जाडजूड पोथीत बांधून देशोदेशी पाठवायचं. पद्धत उचलणं तसं जुनंच. प्रेक्षकांच्या मदतीने गुन्हेगार शोधणारा 'आक्टेनत्साइखेन एक्सवाय' जर्मनीत १९६७पासून चालू होता आणि त्यावरून बीबीसीने १९८४ साली 'क्राइमवॉच' बेतला होता. पण आता त्याचा उद्योग झाला. २००३च्या ब्रिटिश कायद्याने कार्यक्रमांचे हक्क स्वतंत्र निर्मात्यांकडे राहण्याची वाट मोकळी केली आणि लंडन या बाजाराची मोठी पेठ बनली.

प्रत्येक देशाने हे घर आपापल्या स्वभावाने स्वीकारलं. जर्मनीत राज्यघटनेचं पहिलंच कलम मानवी प्रतिष्ठेचं. तिच्यावर घाला येतो का, यावर २००० साली राजकारण्यांत वाद पेटला. शेवटी स्पर्धकांना दिवसातला एक तास कॅमेऱ्याविना द्यायचं ठरलं. फ्रान्समध्ये २००१ साली 'लॉफ्ट स्टोरी' आल्यावर आंदोलकांनी वाहिनीच्या दारात कचरा आणून टाकला. ब्रिटनमध्ये कोंबड्या पाळणाऱ्या, कारस्थानं करणाऱ्या दहा जणांवर सगळा उन्हाळा गप्पा रंगल्या, आणि पहिल्या विजेत्याने ७० हजार पौंडांचं बक्षीस मैत्रिणीच्या शस्त्रक्रियेसाठी देऊन टाकलं.

लंडन ते पाटणा

२००७च्या जानेवारीत 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये शिल्पा शेट्टी गेली. रस्सा करायच्या ऑक्सो वड्या कुणी किती वापरल्या, असल्या क्षुल्लक भांडणातून जेड गुडी आणि तिच्या दोन सहकाऱ्यांची जीभ सुटली ती वंशद्वेषापर्यंत गेली. नियामक ऑफकॉमकडे सुमारे ४५ हजार तक्रारी आल्या. पाटण्यात निर्मात्यांचे पुतळे जळले. त्याच सुमारास भारतात आलेल्या ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांना खुलासे देत फिरावं लागलं. प्रायोजकाने पाठ फिरवली. शिल्पा ६३ टक्के मतं घेऊन जिंकली, आणि कार्यक्रम दाखवणाऱ्या चॅनल फोरला ऑफकॉमचा ठपका स्वतःच्याच पडद्यावर वाचून दाखवावा लागला.

जेड गुडी ही या धंद्याची लेकही आणि बळीही. 'बिग ब्रदर'च्या २००२च्या पर्वातून ती वर आली. दंतवैद्याकडे मदतनीस असलेली, भूगोलाचं अज्ञान मिरवणारी मुलगी. आधी वर्तमानपत्रांनी तिची टर उडवली, मग तिला डोक्यावर घेतलं आणि २००७ साली आपटलं. २००८ साली ती शिल्पाच सूत्रसंचालन करत असलेल्या 'बिग बॉस'च्या घरात आली आणि तिथेच तिला कर्करोगाचं निदान कळलं. अखेरचे महिनेही तिने कॅमेऱ्याला विकले, मुलांसाठी पैसे ठेवायचे म्हणून. मार्च २००९मध्ये ती वारली. तिला बाजाराचा हिशेब कळत नव्हता, असं म्हणणाऱ्यांनी शेवटचा सौदा कुणी केला ते पाहावं.

दोन उलट्या वाटा

दोन कार्यक्रमांनी ही चौकट आतून मोडून दाखवली. १ जून २००७ला नेदरलँड्सच्या 'बीएनएन'ने 'द ग्रेट डोनर शो' दाखवला. मरणाच्या दारातली एक स्त्री तीन रुग्णांपैकी एकाला मूत्रपिंड देणार, प्रेक्षकांनी एसएमएसने सल्ला द्यायचा. जगभर संताप उसळला. ऐन निर्णयाच्या क्षणी सूत्रसंचालकाने जाहीर केलं, की ही स्त्री अभिनेत्री आहे. रुग्ण मात्र खरे आहेत आणि त्यांना सगळं माहीत होतं. वाहिनीचे संस्थापक बार्ट दे ग्राफ पाच वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजाराने गेले होते. खेळ म्हणून जे चीड आणतं ते प्रतीक्षायादीत रोज घडतं, हे त्या तासाभराने सांगितलं.

दुसरी वाट नॉर्वेची. बर्गन ते ऑस्लो रेल्वेला शंभर वर्षं झाली म्हणून 'एनआरके' या सार्वजनिक वाहिनीने नोव्हेंबर २००९मध्ये तो सात तासांहून लांबलेला प्रवास सलग दाखवला. कात्री नाही, विजेता नाही. बोगदा आला की जुनी चित्रफीत, बाहेर पडलं की पुन्हा बर्फ. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या देशात बारा लाखांहून जास्त लोकांनी त्यातलं काही ना काही पाहिलं. दोन वर्षांनी हुर्टिगरूटेन जहाजाची १३४ तासांची सफर दाखवली, तेव्हा किनाऱ्यावरची गावंच्या गावं झेंडे घेऊन धक्क्यावर उभी राहिली. कॅमेऱ्यात कसं दिसायचं, ते इथे लोकांनी स्वतः ठरवलं.

कायदा मागून आला

फ्रान्समध्ये 'मोहाचं बेट' या अर्थाच्या कार्यक्रमातले स्पर्धक न्यायालयात गेले. ठरवून दिलेल्या वेळेत उठायचं, सांगितलेल्या ठिकाणी राहायचं, सांगितलेल्या गाठीभेटी घ्यायच्या. मग ही मजा कसली, हे तर काम. ३ जून २००९ रोजी सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं, आणि नोकरीच्या कराराचे हक्क त्यांना लागू झाले. प्रेमात पडणं हे काम आहे का, अशी थट्टा पुष्कळ झाली. पण न्यायालयाने प्रेम मोजलं नव्हतं, हुकूम कुणाचा चालतो ते पाहिलं होतं.

ब्रिटन आणखी दशकभराने जागा झाला. 'द जेरेमी काइल शो'मध्ये भांडणाऱ्या जोडप्यांना खोटं पकडण्याच्या यंत्राला जोडून प्रेक्षकांसमोर झोडपायची चौदा वर्षांची पद्धत होती. २०१९च्या मे महिन्यात तिथे येऊन गेलेल्या एका माणसाचा मृत्यू झाला आणि आयटीव्हीने कार्यक्रम कायमचा बंद केला. 'लव्ह आयलंड' या जोड्या जुळवण्याच्या कार्यक्रमाच्या दोन माजी स्पर्धकांचे मृत्यू ताजेच होते. खासदारांच्या समितीने चौकशी केली. एप्रिल २०२१पासून ऑफकॉमचे नवे नियम आले. ज्यांना इजा होण्याचा धोका आहे अशा सहभागींची काळजी घेणं वाहिनीवर बंधनकारक, आणि संभाव्य धोके आधी सांगितल्याशिवाय संमती पुरी नाही. स्वीडनच्या त्या पहिल्या मृत्यूला तेव्हा चोवीस वर्षं होत होती.

हा इतिहास आपल्याला परका नाही. 'कौन बनेगा करोडपती' आणि त्याचा मराठी अवतार ब्रिटिश पोथीतून आले, 'बिग बॉस' डच पोथीतून, आणि २०१८ साली तेच घर महेश मांजरेकरांच्या सूत्रसंचालनात मराठी बोलू लागलं. विश्वासघाताचा डच खेळ 'द ट्रेटर्स'ही बीबीसीवर गाजून आपल्याकडे पोहोचला. पोथीत प्रकाशयोजना येते, संगीत येतं, स्पर्धकांना चिडवायच्या युक्त्या येतात. फ्रेंच न्यायालयाचा निकाल आणि ऑफकॉमचे नियम तिच्याबरोबर येत नाहीत. ते ज्या त्या समाजाला स्वतःच करून घ्यावे लागतात. नव्या पर्वात घरात कोण जाणार, याच्या पैजा आपल्याकडे महिनाभर आधी लागतात. जाणाऱ्याने सही केली त्या करारात काय आहे आणि तो बाहेर आल्यावर त्याची विचारपूस कोण करणार, हेही त्याच गप्पांत विचारायला काय हरकत आहे?