कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग गोळी कशाला?

रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसतानाही डॉक्टर स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध लिहून देतात आणि मधुमेही बुचकळ्यात पडतो. या सल्ल्यामागे ब्रिटन-आयर्लंडमधली ‘कार्ड्‌स’ चाचणी आहे. टाइप २ मधुमेह आणि उच्च रक्तदाब किंवा धूम्रपानासारखा आणखी एखादा धोका, पण हृदयविकार नाही, अशा २,८३८ जणांपैकी निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिले, बाकीच्यांना औषधविरहित गोळी. फायदा इतका ठळक दिसला, की चाचणी दोन वर्षे आधीच थांबवली.

२००४ साली आकडे प्रसिद्ध झाले: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटनांत ३७ टक्के घट. प्रत्यक्षात, सुमारे चार वर्षांत शंभरातल्या नऊऐवजी सहा जणांना त्रास झाला.

स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते, काहींचे स्नायूही दुखतात. तरी चाळिशीनंतर बहुतेक मधुमेहींसाठी फायद्याचेच पारडे जड राहते. गर्भधारणेचा विचार किंवा यकृताचा विकार असल्यास मात्र ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवे.