मराठी गाणं फुकट कुठे ऐकाल?

कॅसेट गेल्या, सीडीही गेल्या. आता घरातली गाणी फोनमध्ये असतात. तुम्ही दोहामध्ये असा की पुण्यात, बोट टेकवलं की गाणं सुरू होतं, आणि त्यासाठी बऱ्याचदा एक रियालही द्यावा लागत नाही. मग तुलना कशाची करायची?

तुलना करायची ती 'फुकट' या शब्दाची. प्रत्येक ॲपमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. कुठे पैशांऐवजी तुम्ही जाहिराती ऐकता. कुठे तुमच्या हातातला निवडीचा हक्क कमी होतो. कुठे मोबाईलचा डेटा भराभर संपतो. या पाठात आपण चार ठिकाणं पाहू. प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न विचारू: हवं ते मराठी गाणं मिळतं का? हवं तेव्हा ऐकता येतं का? आणि बदल्यात आपण काय देतो?

गाणं फोनपर्यंत कसं येतं?

इंटरनेटवरून थेट गाणं ऐकण्याला 'स्ट्रीमिंग' म्हणतात. नळ सोडला की पाणी येतं आणि बंद केला की थांबतं, तसंच हे आहे. गाण्याचे छोटे छोटे तुकडे फोनकडे येत राहतात. एक तुकडा वाजत असतो तेव्हा पुढचा वाटेत असतो. नेट हळू असलं की पुढचा तुकडा वेळेवर पोहोचत नाही आणि गाणं अडखळतं.

यात डेटा किती जातो, ते मोजता येतं. स्पॉटिफायवर फुकट ऐकताना आवाजाचा दर्जा जास्तीत जास्त १६० केबीपीएस असतो. या दर्जाने तासभर गाणी ऐकली तर साधारण ७२ एमबी डेटा लागतो. तेच गाणं व्हिडिओसकट पाहिलं तर याच्या कितीतरी पट लागतो. घरच्या वायफायवर याची चिंता नाही. पण मेट्रोत किंवा शाळेच्या बसमध्ये मोबाईल डेटावर ऐकत असाल, तर हा फरक लगेच जाणवतो.

चार ठिकाणं, चार स्वभाव

पहिलं ठिकाण यूट्यूब. मराठी गाण्यांचा एवढा मोठा पसारा दुसरीकडे सापडणं कठीण. चित्रपटगीतं, भावगीतं, नाट्यगीतं, अंगाई, आरत्या, पोवाडे, सगळं इथे आहे. कंपन्यांची स्वतःची चॅनेल आहेत, आणि कुणीतरी घरच्या जुन्या कॅसेटवरून चढवलेली गाणीही आहेत. म्हणून दुर्मीळ गाणं आधी इथेच शोधावं. पण दोन अडचणी आहेत. फुकट ऐकताना फोनची स्क्रीन बंद केली की गाणंही बंद होतं. आणि लोकांनी स्वतः चढवलेल्या गाण्यांवर नावं चुकीची असू शकतात. गायक एक आणि नाव भलत्याचंच, असंही होतं.

दुसरं ठिकाण स्पॉटिफाय. ही मूळची स्वीडनची कंपनी. गंमत म्हणजे ती कतारमध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये आली आणि भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये. म्हणजे दोहामधल्या मराठी मुलांना हे ॲप पुण्यातल्या मुलांच्या आधी मिळालं! इथे स्क्रीन बंद असली तरी गाणं चालू राहतं. गाणी नीटनेटकी लावलेली असतात. पण फुकट वापरताना मध्ये मध्ये जाहिराती येतात, गाणी डाउनलोड करता येत नाहीत, आणि मोबाईलवर गाणी पुढे ढकलण्यावर मर्यादा असते. फुकट वापराचे नियम कंपनी वेळोवेळी बदलते आणि ते सगळ्या देशांत सारखे नसतात. त्यामुळे मुंबईचा मामेभाऊ म्हणतो तसंच तुमच्या फोनवर होईल, असं धरून चालू नका.

तिसरं ठिकाण अंगामी. अरबी भाषेत या शब्दाचा अर्थ 'माझे सूर'. हे ॲप २०१२ मध्ये लेबनॉनच्या बैरूत शहरात सुरू झालं आणि पुढे कंपनीचं मुख्य ठाणं अबू धाबीला गेलं. शाळेतल्या अरब मित्रमैत्रिणींच्या तोंडी असलेली गाणी ऐकायची असतील, तर यासारखं ठिकाण नाही. इथेही फुकट वापरात जाहिराती असतात. मराठी गाण्यांसाठी मात्र हे पहिलं दार नव्हे. शेजाऱ्यांची गाणी ऐकायला इथे जावं आणि आपली गाणी शोधायला दुसरीकडे.

चौथं ठिकाण आकाशवाणी. हा भारताचा सरकारी रेडिओ. 'न्यूज ऑन एअर' या त्यांच्या ॲपवर देशभरातली दोनशेहून जास्त केंद्रं थेट आणि फुकट ऐकू येतात. मुंबईची अस्मिता वाहिनी आणि पुणे केंद्र हे त्यातले मराठी आवाज. इथे गाणं तुम्ही निवडत नाही, रेडिओ निवडतो. काहींना ही उणीव वाटेल. पण जे गाणं तुम्हाला माहीतच नाही ते तुम्ही शोधणार कसं? असं अनोळखी गाणं रेडिओ तुमच्यापर्यंत आणतो. शिवाय गाण्यांच्या मधलं बोलणं ऐकायला मिळतं, म्हणजे मराठी ऐकण्याचा सराव आपोआप होतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: भारताचं घड्याळ कतारच्या अडीच तास पुढे आहे. मुंबईत सकाळी सहाला लागणारी भक्तिगीतं दोहामध्ये पहाटे साडेतीनला वाजतात! दुपारचा किंवा रात्रीचा कार्यक्रम निवडणंच बरं.

रेडिओला कमी लेखू नका. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीने 'गीतरामायण' प्रसारित केलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि संगीत सुधीर फडक्यांचं. दर आठवड्याला एक नवं गाणं, अशी एकूण ५६ गाणी. ऐकणाऱ्याला ठरलेल्या वेळी रेडिओजवळ बसावं लागायचं; मागे नेऊन पुन्हा ऐकायची सोय नव्हती. आणि तेही पूर्ण फुकट नव्हतं बरं का. त्या काळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा आणि त्याचे पैसे भरावे लागायचे.

मग निवडायचं कसं?

आधी काम ठरवा, मग ॲप निवडा. गृहपाठ करताना मागे हळू गाणी हवीत? तर स्क्रीन बंद ठेवता येईल असं ॲप बरं. आजीने सांगितलेलं एखादं जुनं नाट्यगीत हवंय? तर यूट्यूब. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी नुसतंच काहीतरी मराठी कानावर पडावं असं वाटतंय? तर आकाशवाणी.

आणि गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात नाच बसवायचा असेल तर? तेव्हा फुकट ॲपवर अवलंबून राहू नका. लेझीम रंगात आलेली असताना मध्येच शॅम्पूची जाहिरात लागली तर काय होईल, कल्पना करा! शिवाय ही ॲप स्वतःपुरतं ऐकण्यासाठी असतात. सभागृहात शंभर लोकांसमोर गाणं वाजवायला वेगळी परवानगी लागते. ते काम मोठ्यांवर सोपवा.

गाणी ॲपची नसतात

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. स्पॉटिफाय किंवा अंगामी ही गाण्यांची दुकानं आहेत, गाण्यांचे मालक नाहीत. ध्वनिमुद्रणाची मालकी बहुतेक वेळा संगीत कंपनीकडे असते. ग्रामोफोनसमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. ते एचएमव्हीचं. ती जुनी कंपनी आज 'सारेगामा' या नावाने ओळखली जाते आणि कितीतरी जुनी मराठी गाणी तिच्याकडे आहेत.

एप्रिल २०१९ मध्ये सारेगामा आणि स्पॉटिफाय यांचं भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. करार झालेला नसताना आमची गाणी ॲपवर आहेत, अशी सारेगामाची तक्रार होती. स्पॉटिफायने ती गाणी काढायचं मान्य केलं. जून २०२० मध्ये दोघांचा करार झाला आणि मगच गाणी परत आली. असे करार देशानुसारही वेगळे असतात. म्हणून एखादं गाणं नागपूरला वाजतं आणि दोहामध्ये 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं उत्तर येतं.

कधी कधी तर दुकानच बदलतं. 'गाना' या भारतीय ॲपने २०२२ मध्ये फुकट ऐकणं थांबवलं आणि फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवलं. एअरटेलचं 'विंक म्युझिक' २०२४ मध्ये बंदच झालं. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं गाण्यांची यादी जमवली होती, त्यांना ती दुसरीकडे पुन्हा मांडावी लागली.

तुमच्या हातात काय आहे?

तुमच्या हातात गाण्याची ओळख आहे. गाणं एका ठिकाणाहून गेलं तरी त्याची ओळख माहीत असली की ते दुसरीकडे शोधता येतं. त्यासाठी तीन गोष्टी करा.

पहिली गोष्ट: गाणं देवनागरीत लिहून शोधा. रोमन लिपीत 'ळ'साठी वेगळं अक्षर नाही, त्यामुळे 'बाळ' आणि 'बाल' सारखेच दिसतात. 'ण' आणि 'न' यांचंही तेच. एकच शब्द पाच जण पाच तऱ्हांनी लिहितात, मग ॲप गोंधळतं. देवनागरी मात्र सगळ्यांची एकच. फोनमध्ये मराठी कीबोर्ड चालू करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तरी गाणं सापडलं नाही, तर रोमनमध्येही एकदा लिहून पाहा, कारण काही गाण्यांची नावं तशीच चढवलेली असतात. आपल्याकडे गाणं बहुधा पहिल्या ओळीने ओळखलं जातं, म्हणून पहिले तीन-चार शब्द नीट ऐका.

दुसरी गोष्ट: तीन नावं विचारा. गीतकार कोण? संगीतकार कोण? गायक कोण? ॲपवर बहुतेक वेळा गायकाचंच नाव ठळक असतं. पण तुकारामांचे अभंग लता मंगेशकरांनी गायले आणि भीमसेन जोशींनीही गायले. दोघांसाठीही श्रीनिवास खळे यांनी चाली केल्या. फक्त गायकाचं नाव पाहिलंत, तर ज्यांनी चारशे वर्षांपूर्वी ते शब्द रचले ते तुकाराम आणि ज्यांनी चाल लावली ते खळे, दोघंही हरवतात. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर गाण्याच्या शब्दांबरोबर ही नावं दिलेली असतात. तिथे शब्द वाचत वाचत गाणं ऐका. वाचन आणि ऐकणं दोन्ही होईल.

तिसरी गोष्ट: यादी वहीत लिहा. हो, कागदाच्या वहीत. ॲप तुम्ही ऐकाल त्यावरून शिकतं. घरातले सगळे एकच खातं वापरत असतील आणि हिंदी-इंग्रजी जास्त लागत असेल, तर ॲप मराठी गाणं पुढे आणणारच नाही. ते तुम्हालाच मागावं लागतं. आणि मागण्यासाठी नाव ठाऊक असावं लागतं. सुट्टीत गावी गेलात की आजी-आजोबांना विचारा: 'तुम्ही लहानपणी कोणती गाणी ऐकायचात?' ते जी नावं सांगतील, त्यांतली काही कुठल्याच ॲपने तुम्हाला कधी सुचवली नसतील. ती वहीत उतरवली की ती तुमची झाली. मग कोणतंही ॲप येवो किंवा जावो.

करून पाहा

१. घरातल्या एका मोठ्या माणसाला त्यांचं आवडतं मराठी गाणं विचारा. पहिली ओळ त्यांच्याकडून ऐकून देवनागरीत लिहा.

२. तेच गाणं दोन वेगवेगळ्या ठिकाणी शोधा. ते कुठे लवकर सापडलं? मध्ये किती जाहिराती आल्या?

३. गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावं शोधून वहीत लिहा. एखादं नाव मिळालं नाही तर ती जागा रिकामी ठेवा आणि पुढच्या वर्गात सगळ्यांना विचारा.