पाल, उन्हाळा आणि चोर

मे महिन्यात आणि गणपतीत एक बातमी हमखास येते: कुटुंब गावी गेलेलं, बंद फ्लॅटचा कडीकोयंडा उचकटलेला, कपाट फोडलेलं. मग सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बिनतारी अलार्मच्या जाहिराती फिरू लागतात. चार-दोन सेन्सर, एक सायरन, एक मुख्य डबा आणि मोबाइलवर अॅप. भिंत फोडायला नको, वायरमन नको, अर्ध्या तासात काम. ते अर्ध्या तासात बसतं, यात खोटं काही नाही. पण या यंत्रणेची परीक्षा चोराच्या आधी दुसरेच घेतात. पाल घेते, उन्हाळा घेतो, गेलेली लाईट घेते. त्यात ती दोन-तीनदा नापास झाली, मध्यरात्री उगाच बोंबलली, की घरचेच ती बंद करून ठेवतात.

हॉलच्या कोपऱ्यात लावतात तो पांढऱ्या फुगीर तोंडाचा सेन्सर म्हणजे पीआयआर. तो स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. आपल्या अंगातून सतत निघणारे अवरक्त किरण टिपतो. माणसाच्या कातडीचं तापमान साधारण ३३ अंश सेल्सियस असतं. एवढ्या तापमानाची वस्तू साडेनऊ मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचे किरण सर्वांत जास्त सोडते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि खिडकीच्या काचेतूनही आरपार जात नाहीत. त्यामुळे सरकत्या काचेच्या आत बसवलेल्या सेन्सरला बाल्कनीत उतरलेला माणूस दिसतच नाही. त्याचं स्वतःचं भिंगही काचेचं नसून पॉलिथिलीनचं असतं, ते याच कारणाने. त्यावरच्या खाचा-कड्यांची रचना फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपगृहांच्या दिव्यांसाठी आणली होती.

भिंगामागे पायरोइलेक्ट्रिक स्फटिकाच्या दोन बारीक पट्ट्या असतात. या स्फटिकाचं तापमान बदलत असेल तेवढ्यापुरताच त्यावर विद्युतभार तयार होतो. स्थिर झालं की शांत. शिवाय दोन्ही पट्ट्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. सगळी खोली हळूहळू तापली तर दोघींवर सारखाच परिणाम होतो आणि बेरीज शून्य येते. भिंग खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडतं. माणूस एक पट्टा ओलांडून दुसऱ्यात गेला, की आधी एक पट्टी तापते, मग दुसरी, आणि संकेत वर जाऊन खाली येतो. तो थेट सेन्सरच्या दिशेने चालत आला तर पट्टे फारसे ओलांडलेच जात नाहीत. म्हणूनच दाराच्या अगदी समोरच्या भिंतीवर सेन्सर लावणं चूक. सात फुटांच्या आसपास उंचीवर, बाजूच्या कोपऱ्यात असा लावावा की आत येणाऱ्याला त्याच्या नजरेतून आडवं जावंच लागेल.

आता उन्हाळ्याकडे या. सेन्सरला मुळात माणूस कळत नाही; माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक कळतो. डिसेंबरच्या रात्री नाशिकला हा फरक भरपूर असतो. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आठवडाभर बंद असेल, तर आतली भिंतच ३३-३४ अंशांवर जाते आणि माणूस त्या भिंतीत जवळजवळ विरघळतो. गंमत अशी, की भिंत आणखी तापली तर तो पुन्हा दिसू लागतो, या वेळी भिंतीपेक्षा थंड म्हणून. अडचण मधल्या त्या काही अंशांची. बऱ्या सेन्सरमध्ये हवेचं तापमान मोजून संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी खोक्यावर ‘तापमान भरपाई’ आहे का, हे विचारूनच पैसे द्यावेत.

याहून महागड्या सेन्सरमध्ये पीआयआरच्या जोडीला सूक्ष्मलहरींचा छोटा रडार असतो आणि दोघांनी ‘हो’ म्हटलं तरच अलार्म वाजतो. खोट्या हाका त्यामुळे कमी होतात. पण दोघांचंही ‘हो’ लागतं म्हटल्यावर तापलेल्या खोलीत पीआयआर गप्प राहिला, तर रडारने पाहूनही उपयोग नाही. दुकानदार हे सांगत नाही.

पालीचा मुद्दा विनोदी वाटतो, पण नाही. पाल लहान आणि थंड रक्ताची, लांबून गेली तर सेन्सरला तिचा पत्ताही लागत नाही. तीच भिंगावरून चालली, की इतक्या जवळ असते की एकेक पट्टी तिच्या अंगाने झाकली जाते आणि सेन्सरच्या हिशेबी खोलीत कोणीतरी धावलं. पाली येतात किड्यांमागे, किडे येतात दिव्यामागे. तेव्हा सेन्सर ट्यूबलाइटच्या शेजारी नको आणि पॅसेजमध्ये रात्रभर जळणाऱ्या बल्बजवळ तर नकोच. मागच्या स्क्रूच्या भोकांना सिलिकॉन लावून टाकावं. मुंग्या आणि झुरळं तिथूनच आत शिरतात.

दाराचा सेन्सर वेगळा. त्यात बहुधा रीड स्विच असतो: काचेच्या नळीत लोह-निकेलच्या दोन पातळ पात्या, समोर चुंबक आलं की चिकटतात, गेलं की सुटतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९३६ मध्ये निघालेली ही युक्ती आजही तशीच चालते. आपल्याकडे तिची गाठ पडते लोखंडी सेफ्टी डोअरशी. लोखंड चुंबकाचं क्षेत्र स्वतःकडे ओढून घेतं, त्यामुळे लाकडी दारावर व्यवस्थित चालणारी जोडी लोखंडावर अडखळते. चुंबकाखाली प्लास्टिकचा जाड तुकडा घालावा, किंवा सेन्सर आतल्या लाकडी दारावरच ठेवावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दार फुगतं, फट बदलते. मार्चमध्ये नीट बसवलेलं जुलैत पुन्हा तपासायला हवं.

आता बिनतारी भागाचं. भारतात असल्या छोट्या उपकरणांसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. अमेरिकेत याच कामाला ९०२ ते ९२८ चा पट्टा मोकळा आहे. आपल्याकडे त्यातल्या ९१५ पर्यंतच्या लहरींवर मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. त्यामुळे न्यू जर्सीहून मुलाने बॅगेत घालून आणलेला संच इथे लावणं म्हणजे अलार्म मोबाइलच्या गर्दीत उभा करणं, आणि ते कायद्यातही बसत नाही. झी-वेव्ह हे एकच बिनतारी तंत्र घ्या: भारतात ते ८६५.२ वर चालतं, अमेरिकेत ९०८.४ वर. खोकं सारखंच दिसतं.

स्वस्त संच बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. खरी पंचाईत लहरीची नाही, बोलण्याच्या पद्धतीची आहे. त्यातले बरेचसे सेन्सर दर वेळी तोच ठरलेला आकडा हवेत सोडतात आणि पुन्हा झोपतात. निरोप पोचला की नाही, त्यांना कळत नाही. अलार्म चालू-बंद करायचा रिमोटही बहुधा तसाच; त्याचा आकडा कोणी पकडून ठेवला तर त्याची नक्कल करून अलार्म बंदही करता येतो. आणि सेन्सरचा सेल संपला, तो कोणी उपटून नेला किंवा लहरच दाबून टाकली, तर मुख्य डब्याच्या दृष्टीने सगळं आलबेल.

हा प्रश्न फार जुना आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या घरफोडी-अलार्मचं पेटंट घेतलं. त्यात दार उघडलं की मंडल जोडलं जाई आणि घंटा वाजे. साहजिकच तार आधीच कापली तर घंटा मुकी. पुढे मंडल उलटं केलं गेलं: वीज सतत वाहती, आणि खंड पडला की घंटा. तार कापणं हीच खबर झाली. बिनतारीत कापायला तारच नाही, म्हणून चांगले संच दुसरं काही करतात. प्रत्येक सेन्सर ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा छोटा निरोप पाठवतो, डबा पोच देतो, आणि निरोप चुकले की बोभाटा करतो. सायरन किती डेसिबलचा, यापेक्षा हे मला कितीतरी महत्त्वाचं वाटतं. मीटरभरावर ११० डेसिबल असलेला आवाज मोकळ्यावर दहा मीटरवर ९० होतो, बंद दारांपलीकडे आणखी उतरतो. आणि आपल्या शहरांत भोंग्याला कोणी दचकत नाही.

डब्यातली बॅटरी लाईट गेल्यावर किती तास चालते, हे पाहावंच. पण डबा जिवंत आणि राऊटर मेला, असं झालं तर अॅपवर काही येणार नाही. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या. सिमकार्डवाला डबा असेल तर त्या सिमचं रिचार्ज कोणाच्याच लक्षात राहत नाही. हे संच बहुतेक पोलिसांना कळवत नाहीत, तुम्हाला कळवतात. तुम्ही सावंतवाडीत, घर ठाण्यात. शेजाऱ्यांना फोन कोण करणार, ११२ ला कोण, हे निघण्याआधी ठरवा. खोलीत चालून सेन्सरही तपासून घ्या; मात्र बॅटरीवरचे बरेच पीआयआर एकदा हालचाल दिसली की काही मिनिटं गप्प बसतात, तेव्हा दोन फेऱ्यांमध्ये तेवढा वेळ सोडा.

आणि विकत घेण्याआधी दुकानातच एक प्रयोग करायला सांगा. चालू संचातल्या एका सेन्सरचा सेल काढून ठेवायचा. डबा ते किती वेळाने सांगतो, हे विचारा. ‘तसं काही कळत नाही साहेब’ असं उत्तर आलं, तर तो संच तिथेच ठेवा आणि दुसरा दाखवायला सांगा.