लिलावातला कॉम्प्युटर : पाच हजारांचा की साडेबारा हजारांचा?



परवा बिडकीनचा एक विद्यार्थी भेटायला आला. गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, आता कॉम्प्युटर क्लास काढायचाय. मोबाईल पुढे करून म्हणाला, "सर, ऑनलाइन लिलावात २० डेस्कटॉपचा लॉट आहे. लाखात सुटेल. पाच हजारांना एक पडतो. घेऊ का?"

पैसे कुठले, विचारलं. "कापसाचे. वडिलांनी दिलेत."

मग मी वही काढली. तोच हिशोब आज तुमच्यासाठी.

आधी लिलाव समजून घ्या. सरकारी कार्यालयं, बँका जुना माल ऑनलाइन विकतात. एमएसटीसी ही १९६४ पासूनची केंद्र सरकारची कंपनी असे लिलाव घेते, जेम पोर्टलवरही होतात. ईएमडी म्हणजे अनामत भरायची, माल पाहायचा, मग बोली. अट एकच, 'जसा आहे, जिथे आहे'. वॉरंटी नाही, परत घेणं नाही. जिंकून पैसे भरले नाहीत तर अनामत गेली. माल मुदतीत उचलला नाही तर जागेचं भाडं वेगळं.

आता हिशोब. बोली १,००,०००. जीएसटी १८ टक्के, म्हणजे १८,०००. टेम्पो आणि हमाली १२,००० धरा. झाले १,३०,०००. विसापैकी समजा १३ चालू झाले. एक पडला १०,००० ला. हार्ड डिस्क बहुधा काढलेली असते, म्हणून एसएसडी आणि रॅमचे २,५०० वाढवा. पाच हजारांचा कॉम्प्युटर साडेबारा हजारांना पडला! जीएसटी नोंदणी असेल तर नियमाप्रमाणे कराचं क्रेडिट मिळू शकतं. याची नोंदणी नव्हती.

आता उलटं चला. त्याला एक मशीन १०,००० पर्यंतच परवडतं. १३ मशीनचे १,३०,०००. त्यातून दुरुस्तीचे ३२,५०० आणि वाहतुकीचे १२,००० वजा. उरले ८५,५००. त्यातून जीएसटी बाजूला काढला की बोली बसते साधारण ७२,००० ची. हा तुमचा आकडा. बोलीच्या आधी कागदावर लिहायचा. कारण शेवटच्या मिनिटाला कोणी बोली लावली की वेळ आपोआप वाढते, आणि माणूस ईर्ष्येला पेटतो.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघाच.

एक, अटी. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. बऱ्याच लॉटवर फक्त नोंदणीकृत रिसायकलर किंवा रिफर्बिशरच बोली लावू शकतात. हे न वाचता अनामत अडकवू नका.

दोन, प्रोसेसर. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. जुनी मशीन स्वस्त निघतात ती याच कारणानं. लिनक्सवर ती चालतील, पण तुमच्या कामाला चालतील का ते आधी ठरवा.

तीन, प्रत्यक्ष पाहणी. फोटोत मदरबोर्ड दिसत नाही. दुरुस्तीवाल्याला सोबत न्या. बायोसला पासवर्ड आहे का विचारा. बिल घेतल्याशिवाय माल हलवू नका.

मग लिलावात फायदा नाहीच का? आहे ना! एकाच कार्यालयातली, एकाच मॉडेलची मशीन मिळाली तर बंद पडलेल्यांचे पार्ट चालू मशीनला लागतात. दुरुस्ती स्वतःला येत असेल तर कमाई तिथेच आहे. आणि लॉट संभाजीनगर, वाळूजकडे असेल तर पाहणीही सोपी, भाडंही कमी. लांबच्या लॉटला टेम्पोच नफा खातो.

त्या मुलाचं काय झालं? बोली ७२,००० च्या पुढे गेली, त्यानं मोबाईल खिशात ठेवला. अनामत परत आली. फोनवर म्हणाला, "सर, हातचा गेला."

मी म्हटलं, "लॉट गेला. कापूस घरात आहे."

तुमचा आकडा किती निघतो, कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत!