खारट चिखलातली श्रीमंती

मानखुर्द सोडून लोकल वाशीच्या पुलावर येते. ओहोटी असेल तर ठाणे खाडीच्या कडेने काळाकुट्ट चिखल उघडा पडलेला असतो. प्रवासी नाकाला रुमाल लावतात. पण याच खाजणात मिठाशी रोज जी झुंज चालते, ती पाहिली तर थक्क व्हायला होते.

बागेतल्या रोपाला खारे पाणी घातले तर ते मरते, कारण मीठ मुळांना पाणी ओढू देत नाही. मोरस ही बुटकी वनस्पती मात्र तेच मीठ पानांत साठवते आणि भरपूर पाणी धरून ते सौम्य करते. म्हणून तिची पाने गुबगुबीत. किनाऱ्यावरच्या सुगरणी तिची भाजीही करतात. आधी उकडून पाणी फेकतात आणि वरून मीठ घालताना हात आखडता घेतात! तिवराची तऱ्हा वेगळी. तो पानांवाटे मीठ बाहेर टाकतो. पान जिभेला लावले की खारट लागते. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची मुळे पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात.

या मुळांमध्ये निवटी उड्या मारते. मासा असूनही ओल्या त्वचेतून श्वास घेत ती ओहोटीतही चिखलावर हिंडते. शेजारीच एक नांगी भलीमोठी असलेला चिमुकला खेकडा ती हलवून मादीला बोलावतो. दुसऱ्या, लहान नांगीने तो चिखल तोंडात घालतो, त्यातले खाद्य चाळून घेतो आणि उरलेल्याच्या गोळ्या बाहेर टाकतो.

थंडीत पाहुणे येतात ते रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. चोच उलटी धरून ते सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. त्यांचा गुलाबी रंग या खाद्यातूनच येतो. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये येथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

कागदोपत्री संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीला मनाई केली. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत खारफुटीबरोबर खाजणांचाही समावेश आहे. परंतु झाड निदान नजरेत भरते; मोरसाचे उघडे खाजण अनेकांना रिकामा भूखंडच वाटतो. तिथे कुऱ्हाडही लागत नाही. भराव टाकून भरतीची वाट बुजवली की पाणी येणे थांबते, चिखल भेगाळतो, आधी खेकडे जातात, मग पक्षी.

हे सारे जवळून पाहायचे असेल तर ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ मात्र पाहून घ्यावी.